तुम्ही विचारलंत म्हणून : वाकळ परत शिवायला घेताना

"काकू, पूर्वी मी वाकळ-गोधडी शिवायचे हो. आता परत सुरू करायचंय. काय काय घेऊ?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये आणि एकदा दातांच्या दवाखान्यात तोंडात कापूस असताना विचारला गेलाय. कारण साधं आहे. मी स्वतः अठरा वर्षं सुई बाजूला ठेवून छप्पन्नाव्या वर्षी परत उचलली, आणि आता सोसायटीत 'गोधडीवाल्या काकू' झाले आहे. विचारणारीच्या फोनवर बहुतेक वेळा शिवणसामानाचं एक गुलाबी किट उघडलेलं असतं, आणि बोट 'विकत घ्या'पाशी थांबलेलं असतं.

थांबा जरा. आधी घरातला जुना डबा काढा. बिस्किटांचा, ज्यात बिस्किटं कधीच नसतात, तो.

माझ्या डब्यात आजीचं पितळी अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, निघालं, मेरठची कात्री निघाली, मेणाचा काळपट गोळा निघाला, आणि गंजून एकमेकींना चिकटलेल्या सुयांची पुडी. सुयांपेक्षा मीच जास्त गंजले होते, हे तासाभरात कळलं. नेढं दिसेना. कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. जमिनीवर मांडी घालून बसले ती उठताना दिवाणाचा आधार घेऊनच उठले. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की छंदाच्या जगात नवीन काय आलंय हे नंतर बघा. आपल्या हाताचं, डोळ्यांचं, गुडघ्यांचं मधल्या काळात काय झालंय ते आधी बघा आणि त्या हिशेबानं वस्तू घ्या.

आणि शिवणार काय, तेही ठरवा. आमच्या कराडकडची वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर. कडेपासून धावदोरा घालत आत आत फिरत यायचं आणि मधोमध संपवायचं. आणि आताच्या मुली ज्याला क्विल्ट म्हणतात त्यात आधी कापडाचे मापात कापलेले तुकडे जोडायचे, मग थर लावायचे. दोन्हींची हत्यारं वेगळी. वाकळ शिवणारीनं क्विल्टचं किट आणलं तर त्यातलं निम्मं सामान डब्यातच राहतं. माझं राहिलंय.

सुई मात्र नवीनच घ्या. जुनी कितीही चांगली दिसली तरी बोटांत फिरवून बघा. बारीकसा गंज असला तरी ती मऊ सुती कापडात अडकते आणि आपल्याला वाटतं की हातच गेला. नंबरात एक गंमत आहे, दुकानदारही कधी कधी तिथे घोटाळा करतात. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचं उलट. तिथे अकरा नंबर बारीक आणि सोळा जाड. क्विल्टिंगसाठी म्हणून 'बिट्वीन' नावाची आखूड सुई मिळते. टाके सुरेख बारीक पडतात, पण नेढंही बारीकच. चाळिशीचा चष्मा असेल तर सुरुवातीला तिच्या नादी लागू नका. मी वाकळीला लांब सुई घेते, मोठ्या नेढ्याची. टाका तांदळाएवढा पडतो, मुगाएवढा नाही. पडू दे.

ओवण्यासाठी पातळ तारेची ओवणी मिळते, ती घ्याच. पण आजीची युक्ती त्याहून सरस. ती नातवंडांना सकाळी पकडायची आणि एकाच रिळाच्या दोऱ्यात आठ-दहा सुया ओळीनं ओवून घ्यायची. मग दुपारभर एक सुई पुढे ओढायची, हातभर दोरा काढायचा, तोडायचा, बाकीच्या सुया मागे सरकवायच्या. मला नातवंडं नाहीत, म्हणून सकाळच्या उन्हात खिडकीशी बसून मीच ओवते. दोरा सुती, आणि हातभरच. लांब घेतला तर पीळ बसतो, गाठी होतात. मेणावरून एकदा ओढून घेतला की निम्म्या गाठी टळतात.

अंगुस्तान बोटात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन तर नकोच. बोटं उन्हाळ्यात सुजतात, थंडीत बारीक होतात. आजीचं मला आता पहिल्या पेराखाली उतरतच नाही, म्हणून तुळशीबागेत एका दुकानात उभी राहून सात-आठ घालून बघितली. दुकानदार वैतागला. खळगे खोल हवेत, म्हणजे सुईची मागची बाजू घसरत नाही.

कात्रीबद्दल मी हळवी आहे. मेरठच्या कात्र्यांना 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आईच्या घरी ती पितळी मुठीची कात्री होती. तिला कितीही वेळा धार लावता येते. धारवाल्याकडून परत आली की अजून कापड लोण्यासारखं कापते. पण जड आहे, आणि माझा अंगठा आता तिच्या लायकीचा राहिलेला नाही. म्हणून आठ इंची हलकी कात्री घेतली. तिनं कागद कापला तर घरात भांडण होतं. जुनं सुती लुगडं कापायला तर कात्रीही लागत नाही. काठाला एक छोटी चीर द्या आणि टर्रकन फाडा. धाग्याच्या रेषेतच फाटतं, कात्रीपेक्षा सरळ.

आता क्विल्टवाल्यांसाठी. गोल पात्याचा रोटरी कटर, त्याखालची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी हे त्रिकूट आहे. एक घेऊन दोन नाही घेतली तर पैसे वाया. कटर 45 मिलिमीटरचा पुरतो, पट्टी सहा बाय चोवीस इंच. पातं वापरून झालं की लगेच झाकायचं, अगदी फोन वाजला तरी. माझी पहिली मॅट मी एप्रिलात गॅलरीत उन्हात विसरले. संध्याकाळी तिचा पोह्याचा पापड झाला होता. परत सपाट झाली नाही.

मशीन जुनी पायाची असेल तर ती विकू नका. सरळ टाका तिच्यासारखा कुणाचा नाही. फक्त तेल मशीनचंच घाला. मी एकदा घरात होतं म्हणून खोबरेल घातलं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, हे मला केसांच्या बाटलीमुळे माहीत होतं, तरी घातलं. डिसेंबरात चाक हलेना. मेकॅनिकनं सगळं उघडून रॉकेलनं धुतलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं.

मशीनवर पाव इंचाची शिवण सांभाळायची. ती दीड मिलिमीटर जास्त आत गेली की दोन तुकड्यांचं मिळून तीन मिलिमीटर कापड खाल्लं जातं. नऊ तुकड्यांच्या ओळीत आठ शिवणी, म्हणजे जवळजवळ इंच गेला. माझ्या पहिल्या क्विल्टच्या दोन ओळी एकमेकींना जुळेनात, त्या यामुळे. त्यासाठी मशीनचा महागडा खास फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, नको. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि कापड त्याला टेकवून सरकवा.

खुणा करायला शिंप्याचा खडू, नाहीतर संपत आलेल्या साबणाची चपटी कपची. गडद कापडावर तीच उत्तम दिसते आणि धुतली की गेली. इस्त्रीच्या उष्णतेनं पुसली जाणारी पेनं फार सोयीची वाटतात. मी भाचीसाठी दुपटं केलं ते त्या पेनानं आखून. इथे सगळं स्वच्छ. जानेवारीत टोरांटोहून तिचा फोटो आला: रात्रभर गाडीत राहिलेल्या दुपट्यावर माझ्या सगळ्या रेघा परत उमटल्या होत्या, चुकल्या म्हणून खोडलेल्यासुद्धा. ती शाई कडाक्याच्या थंडीत परत दिसू लागते.

थर जोडायला सेफ्टी पिना चालतात, पण पावसाळ्यात लावून ठेवू नका. श्रावणात काम अर्धवट टाकून मी माहेरी गेले, आले तर चाळीस तांबूस ठिपके. गुडघ्यांसाठी म्हणाल तर मी आता वाकळ जेवणाच्या टेबलावर पसरते आणि मोठमोठे कच्चे टाके घालते. त्यात एक दुपार जाते. घरच्यांनी त्या दिवशी ताट मांडीवर घेऊन जेवायचं, असं ठरलंय.

किटमधली बाकीची यादी? माझ्याच किटची न उघडलेली पाकिटं पडून आहेत. घरी या, लागेल ते घेऊन जा. येताना तुमचा जुना डबा तेवढा आणा.