बाबांची बेल डाव्या हाताला आणली, त्याची गोष्ट

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही. समजायचं सगळं, पण तोंडून निघायचं फक्त 'हं' नाहीतर 'नको'. हॉस्पिटलातून सोडल्यावर त्यांना पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथे रात्री घरच्यांनी थांबायचं नाही, असा नियम. "काही लागलं तर बेल आहेच की," असं दाखल करतानाच सांगितलं होतं.

बेल होती, पण कॉटच्या उजवीकडे. वायरच्या टोकाला अंगठ्याने दाबायचं बारीकसं बटण, आणि बाबांची त्या हाताची बोटंच उघडत नव्हती. शिवाय चादर बदलताना मावशी वायर गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायच्या आणि ती तिथेच राहायची. एका सकाळी गेले तर कपडे ओले, चादर ओली. काय झालं विचारलं, तर बाबांनी डाव्या हाताने खिळ्याकडे बोट दाखवलं.

रात्रपाळीच्या सिस्टरवर ओरडून काही होणार नव्हतं. अख्ख्या मजल्याला दोघीच असायच्या. राउंड आटोपल्यावर इन्चार्ज सिस्टरना गाठलं. त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "वायर पुरणार नाही, कॉटच फिरवा." कॉट फिरवली तर ऑक्सिजनचा पॉइंट पायाशी येत होता. मग लेखी अर्ज, ऑफिसात खेपा, आणि शेवटी एकदाची लांब वायर आली.

तरीही बाबांना बटण दाबेना. डाव्या हाताची सवय नाही, त्यात बटण आत दबलेलं. इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या बाई धावून आल्या. त्यांनी तळहाताने नुसतं थोपटलं तरी वाजेल असा चपटा, रुंद स्विच जोडून घेतला, उशीच्या अभ्र्याला पिनेने लावला आणि रोजच्या व्यायामातच तो दाबायचा सराव घातला. सिस्टर आल्यावर "काय हवंय आजोबा?" विचारणार आणि बाबा 'हं' म्हणणार, म्हणून एक पुठ्ठाही केला. त्यावर पाणी, लघवीचं भांडं, कूस बदलणं, दुखतंय अशी चित्रं. बोट ठेवायचं, बस्स.

आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. बेल वाजली की दारावरचा दिवा लागायचा, पण सिस्टरांच्या टेबलावरूनच तो विझवता यायचा. म्हणजे कोणी कॉटपाशी न येताच बेल बंद! फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1853 मध्ये लंडनच्या रुग्णालयासाठी बेल मागितली, तेव्हा वाजलेल्या बेलची झडप उघडीच राहिली पाहिजे, म्हणजे कोणी बोलावलं ते नर्सला दिसेल, असं बजावलं होतं. हे मी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं नाही, उगाच शहाणपणा वाटला असता. बेल बंद करायचं बटण फक्त कॉटपाशी चालू ठेवा, एवढंच म्हटलं. त्या लगेच कबूल झाल्या. बेल बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तसं करून गेला. बाथरूममधली ओढायची दोरी मात्र मीच सोडवली. फरशी पुसताना भिजू नये म्हणून तिला वर गाठ मारलेली होती. घसरून पडलेल्या माणसाचा हात तिथवर कसा पोचणार?

पुढच्या आठवड्यात सिस्टरांचीच तक्रार आली. आजोबा पंखा कमी करायलाही बेल वाजवतात आणि पुठ्ठ्यावर भांड्याचं चित्र दाखवतात. मी पुठ्ठ्यावर पंखा काढून दिला.