नवी म्हणून घेतलेली डिस्क 'फॉरेन' निघाली: माझा अनुभव

आठवडा उलटला तरी त्या डीलरवरचा राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. सोमवारी सकाळी सर्व्हर रूमचं दार उघडलं तर आत बीप बीप चालू. चार डिस्कपैकी तिसरीचा दिवा पिवळा, बाकी तिन्ही हिरवे. रेड ५ (डेटा सगळ्या डिस्कवर असा वाटून ठेवायची पद्धत, की एक बंद पडली तरी काम चालतं) असल्यामुळे टॅली, पगार, पॅकिंग लिस्ट सगळं चालू होतं. मालक म्हणाले, "चालू आहे की ओ, मग एवढी घाई कशाला?" म्हटलं, "साहेब, स्टेपनी लावून पुण्याला निघालोय. आता पंक्चर झालं तर टेंभुर्णीलाच बसावं लागेल." रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं. दुसरी गेली की सगळा डेटा गेला. आणि चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या.

वॉरंटी संपलेली. जुन्या डिस्कच्या लेबलचा फोटो पुण्याच्या एका डीलरला पाठवला: ६०० जीबी, सॅस (सर्व्हरच्या डिस्कच्या जोडणीचा प्रकार), १० हजार आरपीएम, अडीच इंची. नवीनच पाहिजे, असं तीनदा बजावलं. बुधवारी संध्याकाळी पार्सल आलं. डिस्क बदलायला पाच मिनिटं लागली.

आणि मग काहीच होईना. रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्या तिघींवरून नव्या डिस्कवर पुन्हा तयार होणं, आपोआप सुरू व्हायला पाहिजे होतं. स्क्रीनवर त्या डिस्कपुढे एकच शब्द: 'फॉरेन'. म्हणजे ही डिस्क आधी दुसऱ्या कुठल्या तरी सर्व्हरच्या अॅरेत (डिस्कच्या गटात) होती आणि तिथली रचना अजून तिच्यावर लिहिलेली होती. नव्या डिस्कवर ती कुठून येणार? स्मार्टची (डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीची) माहिती काढली, तर ३१ हजार तास चाललेली. साडेतीन वर्षं! बाहेर काढून बघितली तर नव्या स्टिकरच्या कडेला जुन्या लेबलचा चिकट गोंद बोटाला लागला.

डीलरला फोन केला. आधी "असं होतं कधी कधी" म्हणाला, मग म्हणाला, "इम्पोर्ट करून टाका, चालू होईल." हे ऐकून डोकंच फिरलं. इम्पोर्ट म्हणजे त्या डिस्कवरची परकी रचना आपल्या कंट्रोलरने (सर्व्हरमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने) स्वीकारायची. आपल्याला ती पुसायची असते. पण थांबा, घाईत पुसायलाही जाऊ नका. 'फॉरेन'च्या यादीत फक्त नव्या डिस्कचाच स्लॉट आहे ना, हे आधी बघा. तिथे आपली जुनी डिस्क दिसत असेल तर क्लिअर करणं म्हणजे आपल्याच डेटावर पाणी सोडणं. मी यादी दोनदा वाचली, कागदावर लिहून घेतली, मगच क्लिअर केलं. डिस्क 'रेडी' झाली. तरी रिबिल्ड नाही! तिला हॉट स्पेअर (राखीव डिस्क) म्हणून नेमल्यावर कुठे आकडा हलला: एक टक्का.

वापरलेली डिस्क का लावली, असं कुणी विचारेल. दुसरी यायला आणखी दोन दिवस, आणि तेवढे दिवस तीन डिस्कवर काढायची माझी तयारी नव्हती.

सांगायचं राहिलं: डिस्क काढण्याआधी बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा. सॉफ्टवेअरमध्ये स्लॉट शून्यापासून मोजतात, माझी तिसरी डिस्क तिथे 'स्लॉट २' होती. म्हणून आधी त्या स्लॉटचा दिवा लुकलुकवून बघा, मगच हात लावा. हॉट स्वॅप (चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलायची सोय) असेल तर सर्व्हर बंद करू नका. डिस्क अर्धा इंच ओढून अर्धा मिनिट थांबा, आतली चकती थांबू द्या. सॅसच्या जागी साटा (साध्या कॉम्प्युटरच्या डिस्कची जोडणी) घेऊ नका आणि क्षमता तेवढीच किंवा जास्त पाहिजे.

रिबिल्डला साडेचार तास लागले. रात्री सव्वाबाराला चारही दिवे हिरवे झाले. मी तिथेच खुर्चीत होतो, मालकांना मेसेज टाकला आणि घरी गेलो. डीलरने बदलून द्यायचं कबूल केलंय. नवी आली की पाकिटातून काढल्या काढल्या आधी तिचे तास बघणार आहे.