यूपीएसचा दावा आणि सर्व्हरची हजेरी

डिचोलीतल्या आमच्या छापखान्यात लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे आणि तो एका यूपीएसच्या भरवशावर असतो. चवथीच्या आधीच्या घाईत वीज गेली रे गेली की यूपीएस क्षणभरही तग धरेना आणि सर्व्हर जागच्या जागी बंद पडू लागला. बॅटरी वॉरंटीत होती. परंतु पुरवठादाराच्या अर्जात, मागील तीन महिन्यांत संगणक केव्हा सुरू झाला व केव्हा बंद पडला याचा दिवसवार तपशील मागितला होता, आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेणार नाही, असे काउंटरवर बजावण्यात आले.

‘अपटाइम’ ही कमांड फक्त शेवटच्या बूटपासूनचा, म्हणजे संगणक शेवटचा सुरू झाल्यापासूनचा, काळ सांगते, त्यामुळे तिचा येथे उपयोग नव्हता. ‘लास्ट रीबूट’ ही कमांड दिल्यावर बूटची यादी लगेच आली, पण ती चालू महिन्याच्या एक तारखेलाच संपली. सर्व्हरवरच्या डेबियन या लिनक्समध्ये, बाराव्या आवृत्तीपर्यंत, ‘लास्ट’ जिच्यातून वाचते ती डब्ल्यूटीएमपी ही लॉगिन व बूटच्या नोंदींची फाइल दरमहा बदलली जात असे आणि मागची एकच प्रत ठेवली जात असे. त्या प्रतीचे नाव ‘लास्ट’ला ‘एफ’ पर्यायाने दिले की आणखी एक महिना मिळतो. तिसरा महिना तेथे नव्हताच.

खरी अडचण मात्र पुढेच होती. आमच्या लॉगिनच्या ओळींत, बाहेर पडण्याच्या वेळेच्या जागी ‘क्रॅश’ असे छापून आले, आणि तेवढ्या एका शब्दावर बोट ठेवून पुरवठादाराच्या माणसाने, तुमचा संगणकच बिघडलेला आहे, यात यूपीएसचा काय दोष, असा निर्वाळा दिला. वस्तुतः ‘लास्ट’ला पुढचे बूट सापडले, पण त्याआधी शटडाउनची नोंद सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, वीज तुटली तरी हाच शब्द येतो. त्याहून वाईट म्हणजे शटडाउनची नोंद नसली की ‘लास्ट’ त्या बूटचा शेवट नंतरच्या एखाद्या नोंदीवरून लावते, त्यामुळे वीज नसलेला काळही सर्व्हर चालू असल्याचा हिशेब निघतो. असा कागद दाखवून आपलाच दावा खोटा ठरायचा, आणि ते समजावून सांगायला गेलो तर ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

मार्ग मिळाला तो सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीच्या, जर्नल या नोंदवहीत. ते वाचणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला ‘लिस्ट-बूट्स’ हा पर्याय दिला की प्रत्येक बूटची पहिली व शेवटची नोंद वेळेसह दिसते. येथे शेवटची वेळ ही खरोखर लिहिल्या गेलेल्या शेवटच्या ओळीची असते. एका दुपारी ती ३:१७ ची होती, ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या ताशी कामाची अगदी साधी ओळ. त्यानंतर काहीच नाही, आणि पुढचे बूट ४:४२ चे. रीतसर शटडाउन असता तर एकेक सेवा थांबल्याच्या ओळी त्याआधी आल्या असत्या. मी ३:१७ आणि ४:४२ च्या ओळींखाली पेनाने रेघ मारून छापील प्रत अर्जाला जोडली. जर्नल सामान्य नोंदी डिस्कवर साधारण पाच मिनिटांच्या अंतराने पक्क्या करते, त्यामुळे वीज प्रत्यक्षात शेवटच्या ओळीनंतर काही वेळाने गेलेली असू शकते, हेही मी समासात लिहून दिले. प्रामाणिकपणे लिहिलेली मर्यादा अशा कागदाला बळच देते, असे माझे मत आहे. बॅटरी बदलून मिळाली.

हे सर्व जमले ते जर्नल डिस्कवर साठत होते म्हणून. व्हार-लॉग या नोंदींच्या डिरेक्टरीत ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी नसेल, तर सिस्टिमडीच्या जुन्या आवृत्त्यांच्या मूळ मांडणीत नोंदी केवळ मेमरीत राहतात आणि प्रत्येक बूटला पुसल्या जातात. ती डिरेक्टरी आहे की नाही हे दावा करण्याची वेळ येण्यापूर्वीच पाहून ठेवावे. विंडोजही असलेल्या संगणकावर घड्याळाचा मेळ बसला नसेल, तर नोंदींत साडेपाच तासांची उडी दिसते, तीही आधी तपासावी. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: झाकण मिटून तो झोपलेला असला तरी ‘अपटाइम’ तो वेळ मोजतेच, म्हणून कामाचे तास काढायचे असल्यास जर्नलमधील कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळींतील ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एग्झिट’ शोधून मधला वेळ वजा करावा लागतो.