कोठा का नाही पाडला?

नागपूरच्या काटोल रोडवरच्या आमच्या शेतात येणारा दर दुसरा पाहुणा विचारतो, "हा जुनाट कोठा पाडून चांगला हॉल का नाही बांधला? स्वस्तात झालं असतं." तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

कोठा म्हणजे आमच्याकडचा गोठा. पंजोबांनी बांधलेला, विटा चुन्यातल्या, वर सागाचे फाटे आणि कवेलू, म्हणजे कौलं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, मग कित्येक वर्षं तिथे संत्र्याचे रिकामे क्रेट आणि साप. पाडायचं माझ्याही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

पहिली चूक माझीच. भिंती छान दिसाव्यात म्हणून सिमेंटचं प्लास्टर मारलं. एका पावसाळ्यात ते पोळीसारखं फुगलं आणि गळून पडलं. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. मी तिचं तोंडच बंद केलं होतं. सगळं खरवडून पुन्हा चुना. तो मुरवावा लागतो, घाई चालत नाही. त्या महिन्यात घरच्यांची फार बोलणी खाल्ली.

आता शेत बघायला येणारी शाळेची मुलं या कोठ्यात गव्हाणीच्या काठावर बसतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवणाऱ्या काहींनी खरा बैल जवळून पाहिलेला नसतो. तिफणीच्या, म्हणजे तीन फणांच्या पाभरीच्या, चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) मूठभर ज्वारी सोडली की ती तीन तासांत पडते (घड्याळाच्या नव्हे, शेतातल्या; तास म्हणजे फणानं पडलेली रेघ). माहितीचे फलक मी काढून टाकले, कोणी वाचत नव्हतं. पण दावणीच्या एका खांबाला खोल खाच आहे. "हे कोणी कोरलं?" एका मुलीनं विचारलं. कोरलं नाही गं, बैलानं मान हलवून हलवून दाव्यानं झिजवलं. तिनं त्यात अंगठा फिरवला. तोच खांब सुतारानं 'खराब' म्हणून बदलायला काढला होता.

आणि नवीन बांधलंय की, संडास-बाथरूम! काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पंजोबांनी मुरूम लागेपर्यंत खणलं होतं. आमचा ठेकेदार अडीच फुटांवर थांबला, आणि मीही काही बोलले नाही. दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला भेग. आता येणारी मुलं ती पट्टीनं मोजतात आणि वहीत तारीख टाकून लिहितात. एप्रिलमध्ये 9 मिलिमीटर, ऑगस्टमध्ये 4.