आमची वाटचाल: ऑईल इंजिनच्या हेडपासून रॅलीच्या हेडपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आण्णांनी वर्कशॉप काढलं तेव्हा दारात यायची ती ऑईल इंजिनांची आणि ट्रॅक्टरची हेडं, म्हणजे सिलिंडरवर झाकणासारखे बसणारे, व्हॉल्व्ह असलेले भाग. व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या सीट बदलायच्या, त्याचा दांडा ज्यातून सरकतो ते गाईड ठोकायचे, हेडचा खालचा फेस सपाट करायला फेसिंग मारायचं. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत इंजिन बंद पडलं तर शेतकऱ्याला परवडत नाही, त्यामुळे काम एकदाच आणि पक्कं करायची सवय तिथं लागली. हेड धुऊन, पोर्टात, म्हणजे हवा ये-जा करायच्या मार्गात, रॉकेल ओतून व्हॉल्व्ह गळतोय का हे पाहिल्याशिवाय आण्णा ते गिऱ्हाईकाच्या ताब्यात देत नसत. आज आमच्याकडं व्हॅक्यूम पंप आहे, पण रॉकेलची चाचणी आम्ही अजून सोडलेली नाही.

कोल्हापूरच्या पोरांना मोटरस्पोर्टचा नाद भारी. मी धंद्यात उतरलो तेव्हा रॅलीसाठी मारुती जिप्सी तयार करणारी मंडळी आमच्याकडं यायला लागली. 1298 सीसीचं ते इंजिन, त्याचं पोर्टिंग केलेलं, म्हणजे पोर्ट आतून कोरलेलं हेड, आणि सोबत विकणाऱ्यानं सांगितलेले आकडे. हेड बसवून द्या, एवढीच अपेक्षा असायची. आम्ही मात्र आधी मोजायचो. बसवण्यापूर्वी लेखी तपासणी हा आमचा वेगळा धंदा झाला तो असा, ठरवून काही केलं नव्हतं.

नवं परफॉर्मन्स हेड हातात आलं की बहुतेकांची नजर पोर्टच्या चकाकीवर जाते. आमची आधी ओतकामावर. कोल्हापूर फौंड्रीचं गाव. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांत काम केलेली माणसं आजूबाजूला असल्यामुळे हे शिकायला मला कुठं लांब जावं लागलं नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो. डीगॅसिंग, म्हणजे तो वायू बाहेर काढणं, नीट झालं नाही तर धातू गोठताना तो बारीक फुग्यांच्या रूपात आत अडकतो. वरून काहीच दिसत नाही. पोर्टिंगवाल्यानं वरची कातडी काढली की फुगे उघडे पडतात, आणि भिंत पातळ असेल तर तिथूनच पाणी झिरपायला लागतं. दुसरी भानगड कोअर सरकण्याची. पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला कोअर जरा हलला की पोर्टची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. यासाठी आम्ही अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेतला. प्रत्येक पोर्टच्या भिंतीवर ठरलेल्या जागी जाडी घेतो आणि आकडे खडूनं हेडवरच लिहितो. गिऱ्हाईकाला समोर दिसतं, वाद होत नाही.

मग कडकपणा. हेडसाठी सर्रास वापरला जाणारा एलएम25 मिश्रधातू, म्हणजे सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम, ओतल्या अवस्थेत कडकपणाच्या ब्रिनेल मापात 55 ते 65 च्या आसपास असतो. टी6 हीट ट्रीटमेंट पूर्ण दिली की तोच 90 ते 110 वर जातो. 535 अंशांच्या आसपास बरेच तास तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग कमी तापमानाला पुन्हा ठेवायचं. भट्टीचा हा खर्च वाचवण्याचा मोह मोठा असतो. असं मऊ हेड टेबलावर देखणंच दिसतं. इंजिन तापून पळायला लागलं की सीट सैल होते, हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) रिंगखाली फेस दबतो आणि हेडचे बोल्ट ढिले पडतात. एका पुरवठादाराकडून टी6 म्हणून आलेलं हेड आमच्याकडं 60 च्या घरात निघालं होतं. आम्ही ते बसवायला नकार दिला. गिऱ्हाईक रागावलं, पण तपासणीचा कागद दाखवून त्यानं पैसे परत मिळवले आणि पुढं तोच आमच्याकडं टीम घेऊन आला.

क्रॅकसाठी लाल डाय मारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारतो. प्लगच्या भोकापासून एक्झॉस्ट सीटकडं केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते, तेव्हा शेजारी उभा असलेला गाडीवाला गप्पच होतो. पाण्याचे मार्ग प्लेटांनी बंद करून हेड गरम पाण्याच्या टाकीत हवेच्या दाबाखाली तपासतो. थंड हेडमध्ये मिटलेली भेग तापल्यावर उघडते.

व्हॉल्व्हच्या बाबतीत माझ्या खिशात कायम एक लोहचुंबक असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 21-4एन या चुंबक न लागणाऱ्या पोलादाचा आहे असं सांगितलं आणि त्याच्या डोक्याला चुंबक घट्ट चिकटला, तर तो 21-4एन नव्हे. दांड्याला चिकटला आणि डोक्याला नाही, तर दोन धातू जोडून केलेला व्हॉल्व्ह. त्यात काही वावगं नाही, फक्त जोड कुठं आहे ते पाहायचं. गाईडमधली मोकळीक बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी घ्यायची, कारण गाईड तोंडाला फुललेला असतो. सीटचा रनआऊट, म्हणजे गाईडच्या मध्यापासून ती किती हलते ते, 0.05 मिमीच्या आत हवा. हे जमलं नाही तर पोर्ट कितीही सुंदर कोरा, ताकद सीटवरच गळते.

हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या फ्लो बेंचच्या आकड्यांवर माझं जरा स्पष्ट मत आहे. किती इंच पाण्याच्या दाबावर मोजलं हे सांगितलेलं नसेल तर सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा याचा) आकडा वाचूच नये. 25 इंचांवर 200 सीएफएम देणारं हेड 28 इंचांवर तसंच ठेवून जवळपास 212 दाखवतं. बेंचवर इंजिनच्या बोअरपेक्षा मोठं सिलिंडर लावलं तरी आकडा फुगतो, कारण व्हॉल्व्हच्या कडेची भिंत लांब जाते. शिवाय सगळे बोलतात ते सगळ्यात जास्त लिफ्टवरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच्या, फ्लोबद्दल. व्हॉल्व्ह तिथं एकदाच पोचतो. मधल्या लिफ्टमधून उघडताना एकदा आणि मिटताना एकदा जातो. घाटातल्या रॅलीत वळणातून बाहेर पडताना ओढ लागते ती या मधल्या फ्लोची आणि पोर्टमधल्या हवेच्या वेगाची. अवाजवी मोठा केलेला पोर्ट खालच्या आरपीएमला गाडी मारून टाकतो.

चेंबरचं, म्हणजे हेडमधल्या जळणाच्या पोकळीचं, मापन आमच्या मुलीनं, म्हणजे माझ्या धाकटीनं, हातात घेतलंय. मेकॅनिकल डिप्लोमा करून ती वर्कशॉपमध्येच बसते. चेंबरवर ग्रीस लावून ॲक्रिलिकची प्लेट ठेवायची आणि ब्युरेटनं रंगवलेलं स्पिरिट सोडायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. जिप्सीच्या एका सिलिंडरचे 324.5 सीसी धरले आणि वर 36 सीसी जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे एकूण जागा भागिले वर उरलेली जागा, 10 येतं. एका चेंबरला 1 सीसी जास्त भरलं की त्या सिलिंडरचं 9.8 च्याही खाली. चार सिलिंडर चार तऱ्हेनं पेटणारं इंजिन ट्यून करताना माणूस हैराण होतो. चारही चेंबरमधला फरक अर्ध्या सीसीच्या आत आल्याशिवाय ती हेड पुढं पाठवत नाही, मी घाई केली तरी.

आता पुण्या-मुंबईहून आणि गोव्याहूनही पार्सलनं हेडं येतात. पाठवणाऱ्यांनी सोबत कॅमची लिफ्ट, पिस्टनचा प्रकार आणि वापरणार ती पॅकिंग एवढं लिहून द्यावं. स्टीलच्या थरांची पॅकिंग असेल तर फेस 0.8 मायक्रॉनपर्यंत गुळगुळीत लागतो, कॉम्पोझिटला तितका नको. हे आधी कळलं तर फेसिंग दोनदा करावं लागत नाही आणि हेडची जाडी वाचते.