तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात सागवानी टेबलाला चीर का जाते?

“अस्सल सागवानाचं टेबल करून घेतलं आणि मे महिन्यात वरच्या फळीला उभी चीर गेली. लाकूड कच्चं होतं, की सुतारानं फसवलं?” सोलापुरात दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच. कधी लाकूड खरंच कच्चं असतं. पण बऱ्याच वेळा दोष असतो तो फळी खालच्या चौकटीला जखडण्यात.

चांगलं वाळलेलं लाकूडसुद्धा हवेतली ओल घेतं आणि सोडतं. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. तेव्हा फळीत 12 टक्क्यांच्या आसपास ओल असते. मे महिन्यातल्या 42 अंशांच्या कोरड्या झळांत ती 7 टक्क्यांपर्यंत उतरू शकते. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, पडतो तो रुंदीत. सागवानाची ओल 1 टक्क्यानं उतरली की रुंदी साधारण 0.19 टक्क्यानं घटते. म्हणजे 900 मिमी रुंद टेबलाची ओल 5 टक्क्यांनी उतरली, तर ते साधारण साडेआठ मिमी आकसतं, अडीच सुतांहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त! हा हिशोब टोकाला झाडाच्या वाढीची वलयं आडवी दिसणाऱ्या फळीचा. फळीच्या टोकाला वलयं उभी दिसत असतील तर आकसणं जवळपास निम्मं. रुंद टेबलासाठी अशा फळ्यांना चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

आता हीच फळी दोन्ही बाजूंनी चौकटीला स्क्रूनं घट्ट आवळली असेल तर तिनं आकसायचं कुठं? ती फाटते. चीर कुठं आहे त्यावरून कारण कळतं. चीर स्क्रूच्या ओळीजवळ किंवा फळीच्या मधोमध असेल, तर जखडण्याचा दोष. दोन फळ्यांच्या सांध्यावरच फट असेल, तर रंधा नीट बसला नव्हता किंवा फेविकॉल वेळेत दाबला गेला नाही. उन्हाळ्यात दुपारी फेविकॉलवर लगेच साय धरते आणि क्लॅम्प आवळेपर्यंत पकड गेलेली असते. म्हणून सांधे सकाळी लवकर चिकटवावेत. चिरा फक्त टोकाला असतील, तर लाकूड उन्हात वाळवलंय किंवा टोकांना रंग लावला नव्हता.

जखडण्यावरचा उपाय म्हणजे लाकडी बटणं, म्हणजे एका टोकाला जीभ काढलेले छोटे ठोकळे. चौकटीच्या पट्टीला आतून, वरच्या कडेपासून 11 मिमी खाली, 12 मिमी खोल खोबण मारायची. बटणाची जीभ या खोबणीत जाते आणि बटण स्क्रूनं वरच्या फळीला बसतं. जीभ आणि फळी यांच्यात 10 मिमीच अंतर ठेवायचं; त्या 1 मिमीच्या फरकामुळे फळी चौकटीवर ओढली जाते, पण सरकायला मोकळी राहते. बटणाच्या लाकडाच्या रेषा (धागे) जिभेच्या दिशेनंच हव्यात. आडव्या रेषांची जीभ पहिल्याच आवळण्यात तुटते.

लांब बाजूच्या बटणांना मोसम बघावा लागतो. पावसाळ्यात जोडत असाल तर जीभ पूर्ण आत ढकला, कारण उन्हाळ्यात ती बाहेर सरकणार. मे महिन्यात जोडत असाल तर खोबणीत 5 मिमी जागा सोडा, नाहीतर पाऊस लागल्यावर फुगलेली फळी चौकट ढकलू लागेल. बटणं नको असतील तर चौकटीच्या आखूड पट्ट्यांत मधलं भोक गोल आणि बाकीची फळीच्या रुंदीच्या दिशेनं 15 मिमी लांबट करून वॉशरसह स्क्रू बसवा. फळीखाली आडवी पट्टी फेविकॉलनं चिकटवणं मात्र सर्वांत वाईट.

पॉलिश ओल थांबवत नाही, फक्त सावकाश करतं. ते खालूनही लावा. एकाच बाजूला पॉलिश असेल तर फळी वाटीसारखी वळते, आणि टेबल कूलरच्या झोतासमोर ठेवलं तर फारच लवकर.

लाकूड जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास आणलंत तर लगेच कापू नका. सावलीत, दर दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. वरच्या-खालच्या पट्ट्या एका रेषेत हव्यात. तापलेल्या पत्र्याला किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. एक फळी दर आठवड्याला तोला; वजन सलग दोन-तीन आठवडे उतरलं नाही, की कामाला घ्या.

चीर पडलीच असेल तर मे महिन्यात तिच्यात लांबी (पुट्टी) भरू नका. पावसात फळी फुगते, भरलेल्या मसाल्यावर दाबली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात चीर आणखी रुंद होते. आधी स्क्रू ढिले करा, भोकं लांबट करा आणि पावसाळा जाऊ द्या. बऱ्याच बारीक चिरा मिटतात. आरपार गेलेली असेल तर चिरेवरूनच फळी कापून, कडा रंध्यानं सरळ करून पुन्हा चिकटवणं हाच मार्ग. त्यात रुंदी थोडी कमी होईल, ते आधीच धरून चाला.