कोर्सच्या आधी हार्नेस उलटापालटा करून बघितला

सोमवारपासून उंचीवर काम करण्याच्या सेफ्टीचा कोर्स आहे, दोन दिवसांचा. मागच्या वेळी केला तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून अर्धा वेळ मोबाईल बघत काढला होता, सर्टिफिकेट मिळालं, फोटो काढला, विषय संपला. ह्या वेळी तयारी करून जायचं ठरवलंय कारण मध्यंतरी परांचीवर माझा पाय सटकला, काही झालं नाही, पटकन पाइप धरला, पण रात्री आडवा पडलो तेव्हा आठवलं की माझ्या सेफ्टी दोरीचा हुक त्या वेळी पायाशी अडकवलेला होता. मग कसली झोप.

उठून वहीवर हिशोब मांडला. माझी लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस (अंगावर बांधायचे सेफ्टीचे पट्टे) आणि हुक यांना जोडणारी दोरी, 1.8 मीटरची. ती पूर्ण ताणली गेली की झटका कमी करणाऱ्या शॉक ॲबसॉर्बरची शिवण उसवत जाते, त्यात अजून साधारण 1 मीटर. पाठीवरच्या डी-रिंगपासून (दोरी अडकवायची कडी) तळपायापर्यंत मी 1.5 मीटर. झाले हुकाखाली 4.3. आणि मी उभा होतो 4 मीटरवर! म्हणजे बेल्ट घातलेला, हुक लावलेला, सगळं कागदावर बरोबर, आणि तरी पाय जमिनीवर आपटणारच होते. वर आपला शॉक ॲबसॉर्बर एवढ्या लांब पडण्यासाठी बनवलेलाच नाही हा भाग वेगळाच, कारण हुक पायाशी असला की आधी हुकापर्यंत 1.5 आणि मग खाली 1.8, म्हणजे दोरी ताणायच्या आधीच 3.3 मीटर सरळ खाली. तोच हुक प्लॅटफॉर्मपासून 2 मीटर वर, डोक्यावर लावला असता तर पाय प्लॅटफॉर्मच्या खाली 2.3 मीटरवर थांबले असते, शिवाय 1 मीटर मोकळी जागा सोडायची म्हणतात तीही राहिली असती. हुक लावला का एवढंच सगळे विचारतात, कुठे लावला आणि खाली जागा किती ते कुणी विचारत नाही, मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हार्नेस घरी आणला आणि खिडकीजवळ उजेडात जमिनीवर पसरला. पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या यू सारखा वाकवायचा आणि इंच इंच सरकवत बघायचं, वाकवला की कापलेले धागे वर येतात, एरवी सपाट असताना दिसत नाहीत. उजव्या मांडीच्या पट्ट्यावर बकलच्या अगदी जवळ शिवणीचे चार-पाच टाके तुटलेले निघाले. खांद्यावर रंगाचे डाग वाळून कडक झालेले. लेबलवरची तारीख घासून गेलेली, फक्त 100 किलो तेवढं वाचता येत होतं. मग काट्यावर उभा राहिलो, 91. टूल बेल्ट बांधून परत उभा राहिलो, 98. म्हणजे एक मोठा पाना खिशात टाकला की मी लिमिटवर (जेवण कमी करा हा सल्ला बायकोने लगेच दिला, तो वेगळा).

स्टोअरमध्ये नेऊन दिला तर स्टोअरवाले काका म्हणाले, अरे चालतोय की अजून, दोन टाक्यांनी काय होतंय. मी म्हटलं काका दोन नाही पाच आहेत, आणि तुम्ही लटकून दाखवा मग मी घेतो. कुरकुरत का होईना पण नवीन काढून दिला.

नवीन घालून बघितला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी तो ढिलाच घालत होतो, बसायला बरं पडतं म्हणून. मांडीच्या पट्ट्यात पंजा आडवा जायला पाहिजे पण मूठ जाता कामा नये, माझ्या जुन्यात मूठ आरामात फिरत होती. डी-रिंग दोन खांद्यांच्या मधोमध पाहिजे, माझी कमरेकडे घसरलेली असायची.

ट्रेनरला विचारायचे प्रश्न वहीत लिहिलेत. पहिला हाच की मी पडलो, दोरीने झेललं, लटकलो, मग मला उतरवणार कोण? हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिलं की पायात रक्त साचतं, माणूस बेशुद्ध होऊ शकतो, आणि हे काही मिनिटांतच होऊ शकतं. आमच्याकडे विचारलं तर उत्तर येतं ॲम्ब्युलन्स बोलावू. बोलवाल हो, पण ती खाली उभी राहील, मी वर. पायाखाली अडकवून उभं राहायचे छोटे पट्टे मिळतात, ते कसे काढायचे तेही प्रत्यक्ष करून बघायचंय. दुसरा प्रश्न, हुक डोक्यावर आहे पण बराच बाजूला आहे तर? झोक्यासारखा झुलत जाऊन खांबावर आपटणार, मग किती अंतर चालेल. तिसरा जरा आगाऊ आहे, की डक्टचे (हवा नेणाऱ्या मोठ्या नळीचे) सांधे खालीच जोडून वर उचलता येत असतील तर आम्ही मुळात वर चढतोच कशाला. हा फोरमनसमोर विचारायचा आहे, तो पण येणार आहे कोर्सला.

बूट पुसून ठेवलेत. आणि ह्या वेळी पहिल्या रांगेत बसणार आहे, मोबाईल बॅगेत.